बेडक्याला काय विचारलं? दमा, सीओपीडी आणि जुन्या टीबीची सरमिसळ सोडवणारी तपासणी

एकाच माणसाची फाईल. पहिल्या कागदावर 'दमा', दोन वर्षांनंतरच्या कागदावर 'सीओपीडी', सीटी स्कॅनच्या रिपोर्टात 'ब्रॉन्किएक्टॅसिस' आणि सगळ्यात तळाशी टीबीच्या गोळ्यांचं जुनं, पिवळं पडलेलं कार्ड. सोबत एक चिठ्ठी: 'थुंकी निगेटिव्ह'. घरचे विचारतात, अहो, मग नक्की झालंय काय? आणि थुंकी निगेटिव्ह आहे तर जिना चढताना धाप का लागते?

सोलापुरात अशा फायली निघतात याला कारणं आहेत. विडी वळणाऱ्या बायका वर्षानुवर्षं तंबाखूच्या भुकटीत बसतात. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत सुताची धूळ उडत असते. चुलीपुढे भाकऱ्या थापण्यात ज्यांचं निम्मं आयुष्य गेलं, त्यांच्या छातीत धूर गेलेला असतो. टीबी होऊन बरे झालेलेही कमी नाहीत. या सगळ्याचा मारा एकाच छातीवर झाला की आजारही एकावर एक चढतात.

'थुंकी निगेटिव्ह' या दोन शब्दांचा अर्थ मात्र फार थोडा आहे: त्या दिवशीच्या नमुन्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत, एवढाच. बेडक्याला, म्हणजे छातीतून खाकरून येणाऱ्या कफाला, किमान चार-पाच वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. जो प्रश्न विचारला, त्याचंच उत्तर रिपोर्टात येतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नॉर्मल' असं धरून चालणं, इथेच बहुतेकांची वर्षं वाया जातात.

तीन नावं, तीन वेगळे बिघाड

श्वासनळ्या म्हणजे घरातल्या पाण्याच्या पाइपांसारख्या समजा.

दम्यात पाइप शाबूत असतो, पण चिडखोर असतो. धूळ, थंड हवा, परागकण, सर्दी यांपैकी काही लागलं की तो आवळतो आणि औषधानं किंवा आपोआप पुन्हा सैल होतो. म्हणून दम्याचा माणूस मधल्या काळात अगदी ठणठणीत दिसू शकतो. सीओपीडीत पाइप आतून जाड होऊन कायमचा अरुंद होतो आणि फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगेही विरतात. श्वास आत जातो, पण पूर्ण बाहेर पडत नाही. हा आजार बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच असं समजू नका. चुलीचा धूर, धूळ आणि पूर्वीचा टीबी यांच्यामुळेही तो होतो. ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये नळ्या ढिल्या पडून फुगतात. उतार बिघडलेल्या गटारीत पाणी तुंबावं तसा त्यांत कफ तुंबतो, सडतो, आणि रोज सकाळी वाटीभर बेडका पडतो. टीबी बरा झाल्यावर मागे राहणारं हे एक नेहमीचं दुखणं आहे.

लहानपणचा दमेकरी मोठेपणी विडी ओढू लागला, तर पहिले दोन्ही एकत्र नांदतात. या जोडीला २०१४-१५च्या सुमाराला दमा आणि सीओपीडीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांनी मिळून एक नावही दिलं होतं, 'ओव्हरलॅप'. पुढे २०२०मध्ये सीओपीडीच्या मार्गदर्शिकेनं ते वेगळा आजार म्हणून वापरणं सोडलं: माणूस एक, आजार दोन, इतकंच म्हणा. हेच जास्त बरोबर वाटतं, कारण नव्या नावानं रुग्णाच्या हाती काही लागत नाही. दोन्ही आजारांचा वाटा किती, हे कळलं तर लागतं.

फुंकायच्या मशीनला काय कळतं, काय कळत नाही

पहिली तपासणी पीएफटी, म्हणजे नळीत जोरानं फुंकायची. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण हवा. नळ्या सैल करणारा पंप (इन्हेलर) घेतल्यानंतरही हे उत्तर ०.७च्या खाली राहिलं तर नळ्या कायम अरुंद आहेत असं धरतात. पंपानंतर पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्क्यांनी आणि शिवाय २०० मिलिलिटरनं वाढली, तर दम्याकडे बोट जातं.

अडचण अशी की जुन्या दम्यातही नळ्या कायमच्या अरुंद होऊ शकतात आणि सीओपीडीतही पंपानं थोडं सुधारतं. नळाला पाणी बारीक येतंय, हे बादली भरायला लागणाऱ्या वेळेवरून कळतं. पण आत गंज आहे, गाळ आहे की कुणी व्हॉल्व्ह अर्धा फिरवलाय, हे बादलीवरून कळत नाही. त्यासाठी पाइपातून काय बाहेर येतंय ते बघावं लागतं.

बेडक्यातल्या पेशी

सांडलेल्या जागी मुंग्या लागल्या की आपण ओळखतो, गोड सांडलंय. माशा घोंगावल्या की काहीतरी नासलंय. श्वासनळीतही तसंच आहे. कुठल्या पांढऱ्या पेशी गोळा झाल्या आहेत, त्यावरून आत काय चाललंय याचा अंदाज येतो.

त्यांतल्या दोन महत्त्वाच्या. इओसिनोफिल ही एरवी ॲलर्जी आणि जंतांशी नातं असलेली पेशी. १८७९मध्ये पॉल एर्लिख यांनी रंग वापरून ती वेगळी ओळखली. इओसिन या लाल रंगानं तिच्यातले दाणे केशरी-लाल होतात, म्हणून हे नाव. दुसरी न्यूट्रोफिल. ती जंतू, धूर, धूळ यांच्यावर धावून जाते, आणि पू म्हणजे मुख्यतः याच पेशी.

हे कामाचं आहे हे इंग्लंडमधल्या डर्बीच्या हॅरी मॉरो ब्राउन या डॉक्टरांनी १९५८मध्ये दाखवलं. स्टिरॉइडच्या गोळ्या दम्याच्या जुन्या रुग्णांना फारशा लागू पडत नाहीत, असं तेव्हा वाटू लागलं होतं. त्यांनी रुग्णांचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल भरपूर होत्या ते स्टिरॉइडनं सुधारले, ज्यांच्यात नव्हत्या ते नाही. साठहून अधिक वर्षं होऊन गेली, तरी मूळ मुद्दा तोच आहे.

बेडका हिरवा झाला म्हणजे जंतू हिरवे, हा समज सर्रास आहे. हिरवेपणा न्यूट्रोफिलमधल्या एका हिरव्या रंगाच्या प्रथिनामुळे येतो. पिवळट बेडका तर नुसत्या दम्यातही पडतो, इओसिनोफिलमुळे. रंग पाहून अँटिबायोटिक सुरू करण्याची घाई इथे चुकते.

लाळ नको, बेडका हवा

'थुंकी' हा शब्दच घोटाळा करतो. डबीत थुंका म्हटलं की माणूस थुंकतो, आणि डबीत येते ती तोंडातली लाळ. हवा असतो तो छातीतून खाकरून आलेला, घट्ट, चिकट, तार येणारा बेडका. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरं खूप आहेत. डबी देणाऱ्यानं हा फरक त्यांच्या भाषेत, एकदा खोकून दाखवून समजावला तर निम्मे वाया जाणारे नमुने वाचतील.

नमुना सकाळी उठल्या उठल्याचा उत्तम, कारण रात्रभराचा कफ साचलेला असतो. काही खाण्याआधी साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळखळून चूळ भरा. मिश्री लावायची सवय असेल तर ती नमुना दिल्यावर. तंबाखूची काळी भुकटी बेडक्यात मिसळली की सूक्ष्मदर्शकाखाली काही धड दिसत नाही. गुटखा-पानाच्या लालीमुळे तर रक्ताचा संशय येतो. जंतुनाशक माउथवॉशही नको. जंतू वाढवून पाहायचे असतील तर त्यानं ते मरतात.

मग मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब उभं राहा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, शेवटचा क्षणभर रोखा आणि पोटापासून खोका. २ ते ५ मिलिलिटर, म्हणजे साधारण चहाचा एक लहान चमचा, पुरे. झाकण फिरकीचं आणि घट्ट. डबीवर नाव, तारीख, वेळ. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो. गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या डबीत तोंडातले फालतू जंतू माजतात आणि पेशी फुटतात. तो रिपोर्ट कागदावर येतो, पण कामाचा राहत नाही.

लॅबलाही लाळ ओळखता येते. गालाच्या आतल्या चपट्या पेशी भिंगाच्या एका क्षेत्रात दहाहून जास्त आणि पुवाच्या पेशी पंचवीसहून कमी दिसल्या, तर जंतूंच्या कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी, तो नमुना चांगला मानत नाहीत. 'पुन्हा पाठवा' असं आलं तर चिडू नका. ती लॅब काम नीट करते आहे.

पेशी मोजतात कशा

पेशींची मोजणी हे जरा कष्टाचं काम आहे. बेडका उथळ काचेच्या ताटलीत ओततात, ताटली काळ्या कागदावर ठेवतात. काळ्यावर लाळ पाण्यासारखी पसरते आणि बेडक्याच्या गाठी पांढरट, घट्ट उठून दिसतात. बारीक चिमट्यानं त्या गाठी तेवढ्या निवडायच्या, तांदळातले खडे निवडावेत तशा, फक्त इथे खडेच हवे असतात.

निवडलेल्या गाठींचं वजन करून त्याच्या चौपट डायथायोथ्रायटॉल नावाचं, ०.१ टक्का ताकदीचं ताजं द्रावण घालतात. चिकट कफाचे धागे त्यानं तुटतात आणि पेशी मोकळ्या होतात. पंधरा मिनिटं हलवायचं, सलाइनसारख्या द्रावणानं पातळ करायचं, ४८ मायक्रॉनच्या नायलॉनच्या जाळीतून गाळायचं. मग गरागरा फिरवून पेशी काचपट्टीवर बसवायच्या, रंगवायच्या आणि एकेक करत ४०० मोजायच्या.

इओसिनोफिल ३ टक्के किंवा जास्त म्हणजे 'वाढलेल्या'. चारशेत बारा. डोळा चुकला, लाळ जास्त आली, रंग फिका बसला, की बाराचे आठ व्हायला वेळ लागत नाही. न्यूट्रोफिलची रेघ सगळीकडे एक नाही. बरेच जण ६१ ते ६५ टक्क्यांच्या पुढे 'वाढलेल्या' म्हणतात, काही जण ७६ टक्क्यांवर रेघ ओढतात. वय, धूम्रपान आणि नुकताच झालेला संसर्ग यांनीही त्या वाढतात.

हे आकडे वाचायचे कसे

इओसिनोफिल वाढलेल्या असतील तर सूज दम्याच्या वळणाची आहे आणि ओढायच्या स्टिरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. न्यूट्रोफिल वाढलेल्या असतील तर धूर, धूळ, जंतू किंवा ब्रॉन्किएक्टॅसिस शोधा. दोन्ही वाढलेल्या असतील तर खरीच सरमिसळ. दोन्ही नसतील तर मामला मुख्यतः आवळलेल्या स्नायूंचा किंवा कायमच्या अरुंदपणाचा आहे, नाहीतर धाप हृदयामुळे किंवा रक्त कमी असल्यानं लागते का, ते पाहायला हवं.

पण एक गोष्ट ठासून सांगायला हवी. बेडका एकटा निदान करत नाही. सीओपीडीच्या साधारण २० ते ४० टक्के रुग्णांतही इओसिनोफिल वाढलेल्या सापडतात आणि दम्याच्या काही रुग्णांत त्या नसतातच. कधीपासून त्रास आहे, कशानं वाढतो, काम काय करता, चूल होती का, टीबी झाला होता का, हे विचारल्याशिवाय आणि पीएफटीशिवाय या टक्क्यांना अर्थ नाही.

कामाबद्दलचा प्रश्न तर इथे अगदी कळीचा. सुताच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिस या आजारात सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरता सरता हलकी होते. सुरुवातीला ही तक्रार दम्यासारखीच वाटते. पण कापसाच्या धुळीबरोबर जंतूंच्या कवचाचं विष नाकातोंडात जातं आणि त्यानं नळ्यांत न्यूट्रोफिल गोळा होतात. अशा कामगाराला नुसता पंप देऊन पुन्हा त्याच धुळीत पाठवलं, तर आजार पुढे सरकत राहतो.

"टीबीची तपासणी तर झाली की!"

झाली असेल, पण कुठली? सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवरच्या तपासण्या जंतूंचा डीएनए शोधतात, त्यांना याहून कितीतरी कमी जंतू पुरतात आणि उत्तर काही तासांत मिळतं. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. त्यामुळे 'निगेटिव्ह' कशावर आलं, ते कागदावर बघा.

पूर्वी टीबी झालेल्यांसाठी एक गुंता आणखी. मशीनला मेलेल्या जंतूंचा डीएनएही सापडतो. बऱ्या झालेल्या माणसात मशीन पॉझिटिव्ह म्हणालं म्हणून टीबी उलटलाच असं नाही. जिवंत जंतू आहेत का, हे कल्चरमध्येच कळतं आणि द्रव कल्चरलाही सहा आठवडे लागू शकतात. याच्या उलट, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात पण मशीन टीबी नाही म्हणतं, तेव्हा टीबीच्या भावकीतले दुसरे जंतू असू शकतात. त्यांची औषधं वेगळी असतात.

टीबीचा थोडाही संशय असेल तर नमुना देण्याआधी लिव्होफ्लोक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक दुकानातून आणून घेऊ नका. ते टीबीच्या जंतूंना अर्धवट दाबतं. खोकला चार दिवस बरा वाटतो, तपासणी चुकते आणि आजार महिनाभर उशिरा सापडतो.

साध्या जंतूंचं कल्चर हा आणखी वेगळा प्रश्न. ब्रॉन्किएक्टॅसिसमध्ये तो वरचेवर विचारावा लागतो, कारण सुडोमोनास नावाचा जंतू एकदा ठाण मांडून बसला की नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. आणि बुरशी. दम्याचा रुग्ण तपकिरी, रबरासारख्या गाठी खोकून काढत असेल, तर ॲस्परजिलस या बुरशीची ॲलर्जी डोक्यात यायलाच हवी. भारतात ही वारंवार दिसते आणि सीटीत तिचे डाग पाहून टीबी समजून औषधं सुरू होतात. बुरशी हवेतही असते, त्यामुळे बेडक्यात नुसती उगवली म्हणून निदान होत नाही. सोबत रक्तातली एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि त्या बुरशीविरुद्धची आयजीई तपासावी लागते. जुन्या टीबीच्या पोकळीत बुरशीनं घर केलं असेल तर आयजीजी नावाची दुसरी तपासणी.

"बेडका पडतच नाही, मग?"

मग खारट पाण्याची वाफ देऊन तो काढतात. आधी नळ्या सैल करणारा पंप, मग ३ ते ५ टक्के मिठाचं निर्जंतुक द्रावण मशीननं काही मिनिटं ओढायला देतात. प्रत्येक टप्प्यानंतर फुंकून घेतात आणि पहिल्या सेकंदाची हवा २० टक्क्यांनी घसरली तर तिथेच थांबतात. मीठ चिडखोर नळीला आणखी चिडवतं, म्हणून दम फार असलेल्यांना ०.९ टक्के साध्या सलाइननंच सुरुवात करतात. ही गोष्ट घरी वाफेच्या मशीनवर मीठ घालून करायची नाही. शिवाय टीबी आधी नाकारलेला हवा आणि खोली हवेशीर हवी, नाहीतर खोकल्याबरोबर जंतू खोलीभर होतात.

"आमच्याकडे ही पेशींची मोजणी होते का?"

भारतात ती अजून रोजच्या वापरात आलेली नाही. वेळ लागतो, सरावलेला तंत्रज्ञ लागतो. त्यामुळे डॉक्टर दुसऱ्या वाटेनं अंदाज घेतात. सगळ्यात सोपी वाट रक्ताच्या साध्या सीबीसीत आहे. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले इओसिनोफिलचे टक्के, भागिले १००. पांढऱ्या पेशी ८,२०० आणि इओसिनोफिल ५ टक्के असतील तर उत्तर ४१०. सीओपीडीत हा आकडा ३००च्या पुढे असेल तर ओढायच्या स्टिरॉइडचा फायदा होण्याची शक्यता जास्त, १००च्या खाली असेल तर फारशी नाही.

रक्त आणि बेडका मात्र नेहमी जुळत नाहीत. पोटात जंत असले तरी रक्तातला आकडा चढतो, म्हणून आपल्याकडे संडासची तपासणी किंवा जंताचं औषध आधी. उलट, दुकानातून घेतलेली स्टिरॉइडची गोळी हा आकडा काही तासांत खाली आणते. ओढायच्या स्टिरॉइडनं बेडक्यातल्या इओसिनोफिलही घटतात. पण म्हणून तपासणीसाठी पंप मनानं बंद करायचा नाही. काय घेता, शेवटचं कधी घेतलं, हे सांगायचं. रिपोर्ट वाचणारा ते धरून वाचतो.

"शेवटी औषध तेच देणार ना?"

नाही. २००२मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर इथल्या डॉक्टरांनी दम्याच्या ७४ रुग्णांचे दोन गट केले. एकात उपचार नेहमीच्या पद्धतीनं, दुसऱ्यात बेडक्यातल्या इओसिनोफिल मोजून. वर्षभरात पहिल्या गटाला दम्याचे १०९ मोठे झटके आले, दुसऱ्याला ३५. दोन्ही गटांना मिळालेलं एकूण स्टिरॉइड मात्र जवळपास सारखंच होतं. ते ज्याला हवं त्याला पोचलं, ज्याला नको त्याचं कमी झालं.

दुसऱ्या बाजूनंही बघा. इओसिनोफिल नसलेल्या सीओपीडीत जास्त ताकदीचं ओढायचं स्टिरॉइड वर्षानुवर्षं चालू राहिलं, तर फायदा थोडा आणि न्यूमोनियाचा धोका वाढलेला. ब्रॉन्किएक्टॅसिसच्या माणसाला पंपापेक्षा रोज छातीचा कफ काढायचा व्यायाम आणि योग्य अँटिबायोटिक यांची गरज असते. ज्यांना झटके वारंवार येतात, त्यांना कमी मात्रेतलं अझिथ्रोमायसिन महिनोन् महिने देतात. पण त्याआधी टीबीच्या भावकीतले जंतू नाहीत ना, ते कल्चरनं आणि हृदयाचा आलेख ठीक आहे ना, ते ईसीजीनं बघतात.

दवाखान्यात जाताना

सगळे जुने एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म न्या, नुसते रिपोर्ट नकोत. टीबीचं कार्ड असेल तर ते, पंप आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्याही. बेडका दिवसाला किती पडतो हे 'खूप' असं न सांगता चमचा, अर्धा कप अशा मापात सांगा. मोबाइलमध्ये त्याचा एक फोटो, उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेला, फार उपयोगी पडतो. नुकताच ताप-खोकला येऊन गेला असेल तर तेही सांगा, कारण पेशींची मोजणी साधारण चार ते सहा आठवडे थांबून केलेली बरी.

आणि डबी हातात मिळाली की एकच गोष्ट विचारा: हा नमुना कशासाठी, टीबीसाठी, जंतूंच्या कल्चरसाठी, बुरशीसाठी की पेशींसाठी? चिठ्ठीवर ते लिहून घ्या. दोन तपासण्या असतील तर डब्या दोन लागतील, आणि दुसऱ्या डबीसाठी पुन्हा तसंच खोल श्वास घेऊन खोकावं लागेल.